खांद्यावरच्या खाचा

स्तन फार जड असलेल्या बाईच्या खांद्यांवर दोन खाचा असतात. ब्राच्या पट्ट्या वर्षानुवर्षं एकाच जागी रुतून त्या पडलेल्या असतात. तिथली कातडी काळवंडते, बोट फिरवलं तर खळगा हाताला लागतो. प्लास्टिक सर्जन तपासताना या खाचा आवर्जून बघतात आणि केसपेपरवर नोंदवतात, कारण दुखण्याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा असतो. बाकीचं दुखणं तोंडानं सांगावं लागतं, आणि ते सांगणंच आपल्याकडे अवघड.

त्या बाकीच्या दुखण्याची यादी लांबलचक आहे. मान आणि पाठीचा वरचा भाग दिवसभर ठणकतो, संध्याकाळी डोकं चढतं. पट्ट्यांचा दाब खांद्यातल्या नसांवर येऊन काही जणींच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. स्तनांखालच्या घडीत घाम साचतो, कातडी लाल होते, सोलवटते, बुरशी धरते. सगळा उन्हाळा पावडर आणि मलमावर काढणाऱ्या, घडीत सुती रुमाल ठेवून झोपणाऱ्या बायका मला माहीत आहेत. धावणं, दोरीवरच्या उड्या, पालथं झोपणं या गोष्टी कधी सुटल्या हे त्यांना आठवतही नाही.

याची सुरुवात बहुतेकदा शाळेत होते. वर्गातल्या इतर मुलींपेक्षा छाती लवकर आणि जास्त वाढली, की मुलगी पोक काढून चालायला शिकते. पुस्तकं छातीशी धरते, पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणते, ओढणीला दोन्हीकडून पिना लावते. बसमध्ये कुठे उभं राहायचं, कोपर कसं धरायचं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. घरात या विषयावर बोलणं होतं ते 'ओढणी नीट घे' एवढंच. पुढे पाठ दुखते म्हणून ती डॉक्टरकडे जाते, तेव्हा तिथेही एक ठरलेलं उत्तर मिळतं: वजन कमी करा.

या दुखण्यावर एक शस्त्रक्रिया आहे आणि ती आज महाराष्ट्रातल्या सगळ्या मोठ्या शहरांत होते. स्तनांमधला जादा भाग काढून त्यांचा आकार लहान करणं, म्हणजे ब्रेस्ट रिडक्शन. आपल्याकडे तिचं नाव निघालं की लोकांना नट्या आठवतात आणि विषय थट्टेवारी जातो. मला हे ठामपणे सांगायचं आहे, की हा दुखण्यावरचा उपचार आहे आणि तो मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र तो फुकट पदरात पडत नाही. अंगावर कायमचे व्रण राहतात, संवेदना थोडीफार जाऊ शकते, आणि पुढे मूल व्हायचं असेल तर दुधाची खात्री देता येत नाही. या तीन गोष्टी आधी समजून घेऊन निर्णय केला, तर तो बाईचा स्वतःचा निर्णय होतो.

वजन कमी केलं की जाईल?

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, त्यांना आधार देणारे तंतू असतात आणि चरबी असते. कुणाच्या स्तनात चरबी किती आणि ग्रंथी किती, याचं प्रमाण बाईगणिक बदलतं. ज्यांच्यात चरबी जास्त, त्यांचे स्तन वजनासोबत थोडे उतरतात. ज्यांच्यात ग्रंथी आणि तंतू जास्त, त्यांनी कितीही उपास केले तरी छाती तशीच राहते आणि बाकीचं अंग मात्र वाळतं. काही मुलींमध्ये वयात येतानाच स्तन थोड्या महिन्यांत भराभर वाढतात. संप्रेरकांना त्यांच्या पेशी जास्तच प्रतिसाद देतात, म्हणून हे होतं असं मानलं जातं. क्वचित गरोदरपणातही अशी वाढ होते. यात त्या मुलीच्या खाण्यापिण्याचा काही दोष नसतो.

शिवाय यात एक पेच आहे. वजन उतरवायचं तर चालायला, पळायला हवं, आणि पळायचं तर छातीचं ओझं आड येतं. हे किती खरं आहे ते रुमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिच्या गोष्टीवरून कळतं. खेळताना स्तनांचं वजन आड येतंय, चेंडूपर्यंत वेळेत पोचता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. 2009 साली, वयाच्या 17 व्या वर्षी तिने ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे ते उघडपणे सांगितलं. नंतर ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली, 2018 ची फ्रेंच ओपन आणि 2019 चं विम्बल्डन तिने जिंकलं. तिचं यश तिच्या कष्टांचं आहे, पण ते कष्ट अंगी लागायला आधी शरीर मोकळं व्हावं लागलं.

म्हणजे साधे उपाय करूच नयेत असं नाही. आधी नीट मापाची ब्रा घ्यावी. आपल्या दुकानांत छातीचा घेर मोठा मिळतो, कप मोठा मिळत नाही, म्हणून कितीतरी बायका घेराला सैल आणि कपाला आवळ ब्रा घालतात. मग सगळं वजन खांद्यांवर येतं. घेराला घट्ट बसणारी, रुंद पट्ट्यांची ब्रा, पाठीचे व्यायाम आणि फिजिओथेरपी यांनी काही जणींना पुरेसा आराम पडतो. पण छाती खरोखरच जड असेल तर हा आराम टिकत नाही. अमेरिकेत 2002 च्या सुमाराला 'ब्राव्हो' नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्रा, व्यायाम, वजन कमी करणं या उपायांची शस्त्रक्रियेशी तुलना केली होती. लक्षणं कायमची दूर करण्यात हे उपाय कमी पडले आणि शस्त्रक्रियेने दुखणं स्पष्टपणे कमी झालं, असा त्याचा निष्कर्ष होता.

रक्त पोचलं पाहिजे

ही शस्त्रक्रिया म्हणजे नुसती कापाकापी असती तर ती शंभर वर्षांपूर्वीच सोपी झाली असती. कातडी आणि आतला भाग काढणं सर्जनला जड नाही. अवघड आहे ते स्तनाग्र वर नेणं. जड स्तनात ते खूप खाली उतरलेलं असतं. ते वरच्या नव्या जागी न्यायचं, पण त्याचा रक्तपुरवठा तुटू द्यायचा नाही, ही खरी कसोटी. 1922 साली शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी स्तनाग्र पूर्ण सोडवून नव्या जागी कलमासारखं लावण्याची पद्धत मांडली. फारच मोठ्या स्तनांसाठी ती आजही कधीकधी वापरतात, पण तिच्यात संवेदना आणि दूध दोन्ही जातं.

त्यानंतरच्या सर्जनांनी वेगळी वाट धरली. स्तनाग्राला आतल्या मांसाचा एक जाड पट्टा जोडलेला ठेवायचा, त्यातून रक्त आणि नसा चालू राहतात, आणि त्या देठासकट स्तनाग्र उचलून वर बसवायचं. हे तत्त्व पुण्याच्या फार जुन्या ओळखीचं आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं, त्याची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये 1794 च्या ऑक्टोबरात छापून आली होती. कपाळाची कातडी त्याने पूर्ण तोडली नव्हती. भुवयांमधून ती जोडलेलीच ठेवली, म्हणून नाक जगलं. युरोपातल्या सर्जनांनी तो वृत्तांत वाचून ते तंत्र उचललं.

देठ कुठल्या बाजूने ठेवायचा यावर विसाव्या शतकात बरंच काम झालं. स्वीडनच्या स्ट्रोम्बेक यांनी 1960 मध्ये तो आडवा ठेवला, अमेरिकेच्या मॅकिसॉक यांनी 1972 मध्ये उभा, आणि सत्तरच्या दशकातच खालच्या बाजूने देठ ठेवण्याची पद्धत आली. ती जगभर सर्वांत जास्त वापरली गेली. कातडी कुठे कापायची याचा नमुना 1956 साली अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइज यांनी दिला, आणि तो त्यांना सुचला ब्राच्या कापणीवरून. सपाट कापडाला चुण्या घालून गोलाई आणायची, तसं कातडीचं गणित त्यांनी बसवलं. या पद्धतीत व्रण नांगराच्या आकाराचा राहतो: स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा, आणि स्तनाखालच्या घडीत आडवा. पुढे बेल्जियमच्या मादलेन लेजूर आणि कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले या दोघी सर्जननी आडवा व्रण टाळणाऱ्या पद्धती रुजवल्या. त्यात गोल आणि उभा एवढेच व्रण राहतात. आकार फार मोठा नसेल तर ही पद्धत जमते. नुसत्या लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून, काही मोजक्या जणींचं काम भागतं, पण त्याने ओघळलेला स्तन वर उचलला जात नाही.

अक्काची शस्त्रक्रिया

माझी मावसबहीण कोल्हापूरकडे प्राथमिक शाळेत शिकवते. आम्ही तिला अक्का म्हणतो. दिवसभर उभं राहून फळ्यावर लिहायचं, वाकून पोरांच्या वह्या बघायच्या, हे तिचं काम. चाळिशी उलटल्यावर तिला खुर्चीचा आधार घेतल्याशिवाय तास संपवता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढले, पट्टा दिला, गोळ्या दिल्या. शेवटी एका फिजिओथेरपिस्टबाईंनीच तिला सांगितलं, की पाठीत काही बिघाड नाही, वजन पुढून ओढतंय, तुम्ही प्लास्टिक सर्जनला दाखवा.

घरात बोलणं झालं ते असं. मावशी म्हणाली, "या वयात हे काय काढलंस? दोन पोरं वाढवलीस ना त्यांच्यावर?" अक्का म्हणाली, "वाढवली की आई. आता पाठ माझी दुखतीय." दाजींची ना नव्हती, पण त्यांनी विचारलं, "माझी सही कुठं करायची?" सर्जननी सांगितलं, सही अक्काची पाहिजे.

इथे जरा थांबायला हवं. सज्ञान बाईच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याची किंवा आईची परवानगी कायद्याने लागत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हे स्पष्ट केलं. त्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढलं गेलं होतं. न्यायालय म्हणालं, की रुग्ण स्वतः निर्णय करण्याच्या स्थितीत असताना दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, आणि संमती द्यायची तर उपचार, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती आधी मिळाली पाहिजे. हॉस्पिटलं नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून घेतात ती वेगळी गोष्ट.

पहिल्या तपासणीत सर्जननी तिला विचारलं, "ताई, तंबाखू, सिगारेट?" अक्का म्हणाली, नाही. "मशेरी?" त्यावर अक्का गप्प बसली. आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी दातांना मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत मोजत नाहीत. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्या शस्त्रक्रियेचा सगळा भरवसा एका देठातल्या रक्तावर आहे, तिथे हे फार महागात पडू शकतं. जखम उसवते, कातडी मरते, क्वचित स्तनाग्रही काळं पडून जातं. म्हणून सर्जन शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतरही काही आठवडे तंबाखू कुठल्याही रूपात बंद करायला सांगतात. अक्काची तारीख त्यासाठी पुढे गेली, आणि ती गेली हे बरंच झालं.

बाकीची तयारी अशी असते. हिमोग्लोबिन बघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा ही तपासणी नावापुरती नसते. साखर आटोक्यात आणतात. चाळिशीच्या आसपास किंवा पुढे असाल, किंवा घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर आधी मॅमोग्राफी करतात. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काही आयुर्वेदिक औषधं, गर्भनिरोधक गोळ्या यांची माहिती सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना द्यायची, कुठली कधी थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्यायचं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी खुणा करतात आणि त्या रुग्णाला उभं करूनच करतात, कारण आडवं झाल्यावर स्तन बाजूला पसरतात आणि मापं चुकतात. सोबत नर्स होती, मी पडद्याच्या आत उभी होते. सर्जननी मानेखालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंत टेप लावली: 34 सेंटिमीटर. मग एक हात स्तनाखालच्या घडीत घालून ती घडी समोरून कुठे येते ते दुसऱ्या हाताने चाचपलं आणि तिथे जांभळ्या मार्करने फुली केली. स्तनाग्राची नवी जागा तीच, खळग्यापासून 22 सेंटिमीटरवर. तिथून कुलपाच्या भोकासारखी आकृती, खाली दोन रेघा, मग आडवी रेघ. दोन्ही बाजूंची मापं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. नंतर अक्का मला म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या छातीकडं कामाच्या नजरेनं बघितलं बघ."

पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया होते, साधारण दोन ते चार तास चालते. दोन्ही बाजूंच्या काढलेल्या भागाचं वेगवेगळं वजन करतात आणि तो पॅथॉलॉजीला पाठवतात, कारण क्वचित त्यात लपलेला आजार सापडतो. तो अहवाल मागून घेऊन जपून ठेवायचा. अक्काच्या दोन्ही बाजूंचं मिळून दीड किलोहून जास्त निघालं.

पहिले सहा आठवडे, पहिलं वर्ष

जाग येते तेव्हा छाती आवळून बांधलेली असते, कधी दोन्ही बाजूंना रक्तमिश्रित पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेनच्या नळ्या असतात. त्या बहुतेकदा दोन-तीन दिवसांच्या आत निघतात. बऱ्याच जणींना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. दुखतं, पण ते साध्या गोळ्यांनी आटोक्यात राहतं. ज्यांची पाठ वर्षानुवर्षं दुखत होती, त्या या दुखण्याबद्दल फारसं बोलत नाहीत. मान हलकी झाली, हे मात्र पहिल्याच दिवसांत सांगतात.

पुढून हुक असलेली आधाराची ब्रा चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालायची. झोपायचं पाठीवर, उशा लावून. कुकर, पाण्याची बादली, धान्याचा डबा, लहान मूल यांतलं काही उचलायचं नाही. वरच्या फळीवरचं काही काढायला हात वर करायचे नाहीत. स्कूटी काही आठवडे बंद. आपल्याकडे घरी आलेली बाई दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी राहते, ही सवय इथे नडते, तेव्हा मदतीला कोण येणार हे तारीख ठरवतानाच ठरवावं. बैठं काम साधारण दोन आठवड्यांनी सुरू करता येतं, अंगमेहनतीचं काम आणि व्यायाम सहा आठवड्यांनी.

पहिल्यांदा पट्टी सोडून आरशात बघताना पुष्कळ जणी घाबरतात. स्तन वर ओढल्यासारखे, ताठ, चपटे दिसतात, टाके लालभडक असतात, दोन्ही बाजू सारख्या वाटत नाहीत. सूज उतरायला तीन महिने लागतात आणि खरा आकार बसायला सहा महिने ते वर्ष. म्हणून नवे ब्लाउज शिवायची आणि ब्रा घ्यायची घाई करू नये. दोन्ही बाजूंत थोडा फरक कायमही राहतो. शस्त्रक्रियेआधीही तो असतोच, पण कुणी इतकं निरखून बघत नाही.

काही गोष्टींसाठी मात्र सकाळ होण्याची वाट बघायची नाही. पहिल्या दिवस-दोन दिवसांत एकच बाजू एकदम फुगली, टणक झाली, दुखू लागली तर आत रक्त साचलेलं असू शकतं. स्तनाग्र निळं-काळं पडू लागलं, ताप आला, जखमेतून पू आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा श्वास लागला, तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

काय द्यावं लागतं

व्रण पहिले काही महिने लाल, जाड, खाजरे असतात. वर्ष-दीड वर्षात ते फिके होतात, पुसले जात नाहीत. सावळ्या आणि काळ्या कातडीत व्रण जाड होऊन उठण्याची प्रवृत्ती जास्त असते, आणि छातीच्या मधोमध व काखेकडच्या टोकांना ते जास्त उठतात. कान टोचल्यावर गाठ आली असेल, लसीचा वण फुगलेला असेल, तर ते सर्जनला आवर्जून सांगायचं. टाके भरून आल्यावर सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी लावायला देतात. नांगराच्या आकाराच्या व्रणात उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते तिथली जखम थोडी उसवणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. बहुतेकदा ती नुसत्या ड्रेसिंगने भरून येते, पण काही आठवडे खाते. काही वेळा आतली चरबी मरून टणक गाठ राहते. ती कर्करोगाची नसते, पण हाताला लागलेली प्रत्येक गाठ डॉक्टरांना दाखवायची, आणि पुढच्या प्रत्येक मॅमोग्राफीच्या वेळी शस्त्रक्रिया झाल्याचं सांगायचं.

स्तनाग्राला संवेदना देणारी मुख्य नस चौथ्या बरगडीच्या पातळीवरून येते. देठ नीट राखला तरी ती ताणली जाते. काही महिने बधिरपणा किंवा उलट, कपडा लागला तरी झिणझिण्या, हे नेहमीचं आहे. बहुतेकींची संवेदना बरीचशी परत येते, काहींची अर्धवट, काहींची येत नाही. लग्न झालेल्या किंवा होणाऱ्या मुलीला हे तिच्या आईसमोर विचारता येत नाही, म्हणून सर्जननी तिच्याशी एकटीशी बोलायला हवं.

दुधाचा प्रश्न तरुण मुलींसाठी सर्वांत मोठा. 2017 साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा आढावा आला. स्तनाग्राच्या मागचा ग्रंथींचा खांब अखंड राखणाऱ्या पद्धतींनंतर बहुतेकींना अंगावर पाजता आलं, खांब न राखणाऱ्या पद्धतींनंतर फार थोड्यांना. तेव्हा 'दूध येईल का' एवढंच न विचारता, कुठल्या पद्धतीने करणार आणि ग्रंथींचा किती भाग जोडलेला राहील, हे विचारायचं. वर्षभरात मूल हवं असेल तर थांबणं शहाणपणाचं, कारण गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो. वजन वाढलं तरी तो बदलतो. वयात येणाऱ्या मुलीचीही वाढ पूर्ण थांबेपर्यंत सहसा थांबतात, नाहीतर स्तन पुन्हा वाढून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. पण पोरीला सरळ उभं राहता येत नसेल, शाळा सुटत असेल, तर तिचं वय सांगून तिला परत पाठवू नये. सर्जननी तपासून ठरवावं.

एवढं सगळं देऊनही प्लास्टिक सर्जरीतल्या सर्वांत जास्त समाधान देणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये ही गणली जाते. दुखणं आधी, रूप नंतर, अशा क्रमाने बायका ते समाधान सांगतात.

पैसा

आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया सहसा 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारली जाते. पण विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत आठवा अपवाद नीट वाचावा. रूप बदलण्याचे उपचार त्यात वगळले आहेत, मात्र तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार वगळलेला नाही, आणि ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करावी लागते. 'थेट आणि तातडीचा धोका' ही अट कडक आहे आणि विमा कंपन्या तिच्यावरच बोट ठेवतात. म्हणून फिजिओथेरपीचे, कातडीच्या डॉक्टरचे, हाडांच्या डॉक्टरचे सगळे कागद वर्षभर आधीपासून एका फाइलीत लावायचे, आणि मंजुरी लेखी मागायची. नकार आला तर तोही लेखी घ्यायचा, म्हणजे तक्रार करता येते. जीएसटीतही आरोग्यसेवेला असलेली माफी कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला नाही. जन्मजात दोष, वाढीतला बिघाड किंवा इजा यामुळे बिघडलेलं शरीर वा त्याचं काम पूर्ववत करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आहे. बिल कशा नावाने बनणार ते आधी विचारावं.

खासगीत परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून अशा सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे भाजलेले आणि अपघातातले रुग्ण आधी घ्यावे लागतात, त्यामुळे थांबावं लागतं. जेजेतला विभाग डॉ. नोशिर अंतिया यांनी उभा केला. कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात पुन्हा कामाला लावणारे ते सर्जन होते. प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांची हौस, हा समज त्या कामाने तेव्हाच खोटा ठरवला होता.

कुणाकडे जायचं, काय विचारायचं

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी आहे का, हे विचारण्यात त्यांचा अपमान नाही. अशा शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का? माझ्यासारख्या बांध्याच्या, माझ्यासारख्या रंगाच्या बायकांचे व्रण वर्षभराने कसे दिसतात, फोटो दाखवाल का? देठ कुठल्या बाजूने ठेवणार? किती काढणार, आणि मला हवं तितकंच काढणार का? रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल? सर्जनची, भूलतज्ज्ञाची फी, खोली, ब्रा, पॅथॉलॉजी धरून सगळा खर्च किती? या प्रश्नांना जो सर्जन शांतपणे उत्तरं देतो त्याच्याकडे जावं. पहिल्याच भेटीत तारीख आणि सवलत पुढे करणाऱ्याकडे जाऊ नये.

अक्का आता सबंध तास उभी राहून शिकवते. तिच्या व्रणांपैकी उजव्या काखेकडचा जाड राहिला, डावं स्तनाग्र अजून अर्धवट बधिर आहे. दोन्ही गोष्टी तिला आधी सांगितल्या होत्या, म्हणून तिची तक्रार नाही. शाळेतल्या एका तरुण सहकारी बाईंनी तिला आडून विचारलं, तेव्हा तिने सगळं खुलं करून सांगितलं, मशेरीसकट.

बाईचं दुखणं 'चालायचंच' म्हणून सोडून द्यायची आपली सवय फार जुनी आहे. पाळीचं दुखणं, बाळंतपणानंतरचं दुखणं, पाठीचं दुखणं, सगळं त्यातच जातं, आणि छातीचं दुखणं तर तोंडावरही येत नाही. ज्या बाईची पाठ या कारणाने दुखते, तिला शस्त्रक्रिया करायचीच असं नाही. नीट ब्रा आणि व्यायामावर तिचं भागू शकतं, व्रण नको म्हणून ती नाहीही म्हणू शकते. पण उपाय आहे हेच ठाऊक नसल्यामुळे तिने अजून वीस वर्षं वाकून काढू नयेत. फॅमिली डॉक्टरला, फिजिओथेरपिस्टला, स्त्रीरोगतज्ज्ञाला माझी हात जोडून विनंती आहे: पाठदुखी घेऊन आलेल्या बाईला वजन कमी करायला सांगण्याआधी एकदा तिचे खांदे बघा, आणि प्लास्टिक सर्जनचं मत घ्यायला सुचवा. आणि बायकांनो, कुणी सुचवण्याची वाट बघू नका. विचारायला जाण्यासाठी शस्त्रक्रियेचा निर्णय झालेला असावा लागत नाही, पाठ दुखतेय एवढं कारण पुरेसं आहे.